मधाला पाणी दाखवणे

मध आपणहून बिघडत नाही.
बत्तीस वर्षं दवाखान्यात औषधं घोटली,
हे मला तेव्हाच कळायला हवं होतं:
खोकल्याचं सिरप फसफसलं, ग्लुकोजवर बुरशी आली,
पण कपाटातल्या मधाच्या बाटलीला
काही म्हणजे काही झालं नाही.
मुंगी पडली तर मुंगीच टिकली.

त्याला पाणी दाखवावं लागतं,
बैलांना दाखवतात तसं, सांजच्याला, घाई न करता.
तेव्हा कुठं तो उठतो.

दसरू कुंभरेनं मे महिन्यात आग्याचं मोहोळ उतरवलं
(कोपरापर्यंत सुजला, वर हसत होता).
त्यातला दीड किलो मी घेतला,
मेणासकट, एका पंखासकट.
जांभळं धुऱ्यावरची.
धुरा माझा आणि मुखरूचा. झाड कोणाचं
ते अजून तहसीलात ठरायचं आहे.
भाऊ असून अकरा वर्षं झाली.
जांभळांना तारीख मिळत नाही,
ती पडतात
दोन्हीकडे.

मी माझ्या बाजूची वेचली.
वाऱ्यानं ढकललेली त्याचीही असतील त्यात,
फळाच्या अंगावर नाव नसतं.

गंजात पाणी कोमट केलं. उकळायचं नाही,
उकळलं की मधाचा वास कवेलूंतून निघून जातो.
जांभळं हातानं कुस्करली, बिया थोड्याच राहू दिल्या,
साकोलीच्या पावरोटीवाल्याकडचं खमीर चिमूटभर,
चिनी मातीच्या भरणीच्या तोंडाला मेण,
आणि बुचातून सलाइनची नळी
पाण्याच्या गडव्यात बुडवलेली.
नळी नवी होती, सांगून ठेवतो.
गावात मला अजून कंपोटरच म्हणतात,
येता-जाता विचारतात, पेशंट कसा आहे?

पहिल्या रात्री काही नाही.
दुसऱ्या रात्री काही नाही.
तिसऱ्या रात्री अडीचच्या सुमारास
गुडुक.
टॉर्च घेऊन बसलो, घड्याळ लावून मोजले,
मिनिटाला चौदा.
सवयीनं नळीचं चाक फिरवायला हात गेला,
तो मागं घेतला.

मागच्या साली तेच केलं होतं.
भरणी फुटली, भिंत जांभळी झाली,
पोलीस पाटील अनवाणी धावत आला,
भिंतीला बोट लावून चाटलं, म्हणाला,
गोडच हाये गा अजून. थांबाले पायजे होतं.

या साली थांबलो.
रोवणी झाली, निंदण झालं,
बुडबुडे विरळ होत गेले,
भांडण झाल्यावर घरात बोलणं विरळ होतं तसे,
आणि मंडईच्या दिवसांत पार बंद.
गाळ खाली बसला.
वरचं इतकं निवळ की बाटलीतून पलीकडची चूल दिसावी.
आधी जांभूळ लागलं, मग मध, मग जिभेच्या पार मागं
दसरूनं मोहोळाखाली केलेला धूर.
गोडी सगळी खमीरानं खाल्ली होती.
उरलं त्याला माझ्याकडे शब्द नाही.

सहा बाटल्या झाल्या. पाच माझ्या.
सहावी धुऱ्यावर ठेवली, जांभळीच्या बुंध्याशी,
लवंडू नये म्हणून ढेकळाचा टेका देऊन.
दोन दिवस तिथंच होती. तिसऱ्या दिवशी नव्हती.
आठव्या दिवशी परत,
त्याच ढेकळाला टेकून.

आपल्याकडे भांडं रिकामं धाडत नाहीत.
बूच काढलं. वास नाही, रंग नाही.
पाणी.
घोट घेतला. थोडं खारट, मागून लोखंडी.
त्याच्या विहिरीचं.
ओळखणारच,
तिचे पहिले वीस हात आम्ही दोघांनी खणले होते.

दसरूला निरोप धाडला आहे:
यंदा तीन किलो.